स्वल्प म्हणजे किती

तानूबाई खोत आयुष्यात कितीदा खोटं बोलल्या असतील कुणास ठाऊक. चारचौघींइतकं बोलल्याच असतील. पण त्यांच्या अंगाशी आलं ते एकच खोटं, आणि तेही एका शब्दाचं. शब्द असा, की बेंगळुरात राहणारा माणूस तो दिवसातून पन्नास वेळा बोलतो आणि एकदाही त्याच्याकडे वळून बघत नाही. तो शब्द म्हणजे स्वल्प.

आपल्याकडे हा बिचारा स्वल्पविरामापुरता उरलाय. बेंगळुरात मात्र त्याची चैन आहे. तिघांच्या रिक्षात पाचवा माणूस घुसताना म्हणतो, 'स्वल्प सरका.' नळ चार दिवस कोरडा ठेवून घरमालक म्हणतो, 'स्वल्प अडजस्ट माडी,' म्हणजे जरा सांभाळून घ्या. दाढ उपटायला पक्कड हातात घेतलेला डॉक्टर म्हणतो, 'स्वल्प दुखेल.' कोशात त्याचा अर्थ 'थोडंसं' असा दिलेला असेल. खरा अर्थ 'तुम्ही चांगल्या घरातले दिसता, तेव्हा भांडू नका' असा आहे. ज्याला हे कळलं तो या शहरात रुळला म्हणायचा.

तानूबाई तर तीस वर्षं रुळलेल्या. माहेर आणि सासर दोन्ही निपाणीकडचं. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि दोन्हींत सारख्याच सफाईनं भांडायची तयारी. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकल्या, एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर बेंगळुरातल्या के. आर. पुरमला आल्या त्या आल्याच. नवरा शिवाप्पा महादेवपुऱ्यातल्या एका आयटी पार्कच्या फाटकावर सिक्युरिटीत. अत्यंत गरीब स्वभावाचा माणूस. आत येणाऱ्या गाड्यांना सलाम करून करून त्यांचा हात इतका सैल झाला होता, की घरी भाजीवाला आला तरी तो कपाळापर्यंत जायचा.

तानूबाईंचं काम कुच्चूचं. रेशमी साडी मागावरून उतरते तेव्हा पदराच्या टोकाला नुसते दोरे लोंबत असतात. ते सारखे वेगळे काढायचे, पिळायचे, त्यांत मणी ओवायचे, गाठ मारायची आणि खालचा गोंडा कापून नीट करायचा. या गोंड्यांना इकडे कुच्चू म्हणतात, आणि कुच्चू नसलेली रेशमी साडी नेसून लग्नाला जाणं म्हणजे बेंगळुरात केस न विंचरता गेल्यासारखं आहे. एका पदराला साठ-सत्तर कुच्चू. सगळी करामत उजव्या हाताच्या अंगठ्याची आणि त्याच्या शेजारच्या बोटाची. तानूबाई टीव्हीवरची मालिका बघत बांधायच्या. मालिकेतली सून रडायला लागली की त्याही डोळे पुसायच्या, पण एक गोंडा दुसऱ्यापेक्षा केसभर लांब व्हायचा नाही. गल्लीतल्या रंजिताला त्यांनीच हे काम शिकवलं होतं. रंजिता वैतागून म्हणायची, "अक्का, तुमी बगत न्हाई तरी सरळ येतंय, आनि मी डोळं फोडून बगतो तरी वाकडं." निपाणीकडच्या बायका स्वतःबद्दल अशाच 'मी बगतो, मी करतो' म्हणतात. पुण्याच्या माणसाला ते ऐकून हसू येतं. येऊ दे.

वरमहालक्ष्मीच्या आधीचा आठवडा होता. त्या सणाला घरोघरी नव्या साड्या निघतात, त्यामुळे कुच्चूवाल्या बायकांना पाणी प्यायला फुरसत नसते. तानूबाई तयार झालेल्या अकरा साड्यांची पिशवी मांडीवर घेऊन महादेवपुऱ्यातल्या दुकानाकडे निघाल्या होत्या. रिक्षात बसल्यावर सगळे धरतात तसा उजव्या हातानं बाजूचा लोखंडी दांडा धरला होता. एका बोळातून एक पांढरी गाडी बाहेर आली. गाडी चालवणाऱ्याचं लक्ष मोबाइलमधल्या नकाशाकडे होतं. तो नकाशा त्याला डावीकडे वळ म्हणाला आणि तो वळला. गाडी रिक्षाला घासत गेली आणि तानूबाईंचा हात गाडी आणि दांडा यांच्या मधे सापडला.

"आई गं!" तानूबाई ओरडल्या.

गाडीतून एक तिशीतला माणूस धावत आला. त्याचं नाव शुभंकर, पुण्याचा, दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी इकडे आलेला. त्यानं त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "काकू, तुम्ही मराठी?"

जणू मराठी असल्यामुळे दुखण्यात काही सूट मिळणार होती. पण खरं ते सांगायला हवं. तो पळून गेला नाही. आपला रुमाल त्यांच्या हाताला बांधून त्यानं त्यांना जवळच्या दवाखान्यात नेलं आणि बाकावर त्यांच्या शेजारी पांढराफटक होऊन बसून राहिला. रिक्षावाल्यानं पोलिसांना फोन केला होता, त्यामुळे थोड्या वेळानं एक हवालदार आले. तोवर दवाखान्यातल्या डॉक्टरनं हात बघून "हाडाला काही नसावं, सूज उतरू दे," असं म्हणून बँडेज बांधलं होतं.

हवालदारांनी कागद काढला आणि कन्नडमध्ये विचारलं, "अम्मा, फार लागलंय का?"

आता त्या वेळी तानूबाईंना काय दिसत होतं ते बघा. हवालदार पावसात भिजून आले होते. त्यांचं पेन उठत नव्हतं, ते झटकून झटकून लिहीत होते. शेजारी तो पुण्याचा मुलगा आता रडतो का मग रडतो असा झालेला. बाकावर एक ताप आलेलं लेकरू घेऊन बसलेली बाई नंबरची वाट बघत होती. एवढ्या सगळ्यांचा आपल्यामुळे खोळंबा झालाय याची तानूबाईंना लाज वाटली. हात असा ठणकत होता की दात एकमेकांवर आपटत होते. आणि त्या म्हणाल्या, "स्वल्प, सार."

हवालदारांनी लिहिलं, 'उजव्या हाताला स्वल्प मार.' वाचून दाखवलं. तानूबाई "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणाल्या. सही करायला हात उचलेना, तेव्हा हवालदारांनी शाईची डबी पुढे केली आणि त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा कागदावर उठवून घेतला.

दोन दिवसांत हात भोपळ्यासारखा फुगला. तिसऱ्या दिवशी सरकारी इस्पितळात एक्स-रेचा फोटो काढला तेव्हा कळलं, की अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मधल्या सांध्याचा चुरा झालाय आणि अंगठा वाकवणारी शीर तुटलीये. ऑपरेशन झालं. महिनोन्‌महिने व्यायाम झाले. अंगठा हातावर राहिला, पण तो बोटाला टेकेना. सुई धरता येईना, दोरा पिळता येईना, भाताचा घास करता येईना. तानूबाई डाव्या हातानं चमच्यानं जेवायला लागल्या. पण त्यांना सगळ्यात जास्त झोंबलं ते वेगळंच. इस्पितळात ऑपरेशनच्या कागदावर नर्सनं न विचारताच शाईची डबी पुढे केली. नंतर बँकेतही तेच. सातवी पास झालेली बाई एका महिन्यात अंगठेबहाद्दर झाली.

त्या दिवसापासून तानूबाईंनी डाव्या हातानं नाव गिरवायला घेतलं. साड्यांच्या खोक्यांतले जाड पुठ्ठे घरात पडून होते, त्यांच्या पाठीवर. पहिल्या महिन्यात 'ता' पुठ्ठ्याच्या बाहेर जायचा. शिवाप्पा बघायचे आणि चहा करायला उठायचे.

शुभंकर एकदा घरी आला होता, सफरचंदं घेऊन. खुर्चीच्या टोकावर बसला आणि म्हणाला, "काकू, अ‍ॅक्च्युअली मला खूप गिल्टी वाटतंय. पण कोर्टबिर्ट कशाला? आपण मराठी माणसं. आपसात मिटवून टाकू ना. मी पर्सनली काहीतरी देतो तुम्हाला."

"काहीतरी म्हंजे किती रे बाळा?"

तो गडबडला. "म्हणजे... तुम्हीच सांगा. ट्रीटमेंटचं वगैरे बघू."

"बस. च्या करून देतो तुला," तानूबाई म्हणाल्या. "डाव्या हातानं करतो, स्वल्प वेळ लागंल."

त्यांनी चहा केला. पातेलं उतरवताना अर्धा सांडला. शुभंकर मदतीला उठला, तर त्यांनी त्याला नजरेनंच खाली बसवला. कपात चहा पडेपर्यंत वीस मिनिटं गेली आणि तेवढ्या वेळात त्याची मान पार खाली गेली. तेव्हा तानूबाई म्हणाल्या, "तू मराठी म्हनून तुला च्या दिला. दानधर्म नको मला. गाडीचा इन्शुरन्स हाय न्हवं तुझा? मग तो कशाला हाय? माज्या हाताचं जे काय हुतंय ते त्यांच्याकडनं हक्कानं घेनार. तू फकस्त खरं काय ते सांग."

"इन्शुरन्सवाल्यांनी सांगितलंय काकू, तुम्ही मधे काही बोलू नका म्हणून," शुभंकर पुटपुटला. चहा संपवून गेला तो परत आला नाही. सफरचंदं चांगली निघाली, रंजिताच्या मुलीनं खाल्ली.

तानूबाईंचे वकील होते सुधींद्र. पन्नाशीचे, सज्जन, कपाळावर गंधाची उभी रेघ, बोलायचे कन्नडमध्ये आणि इतकं हळू, की अशिलाला पुढे वाकून ऐकावं लागे. त्यांनी दावा दाखल केला. वर्षभरानं विमा कंपनीचा निरोप आला, की एक लाख दहा हजार घ्या आणि विषय मिटवा.

"तुमचं वय, काम, हात, सगळं धरून माझ्या मते पाच लाख चाळीस हजार होतात," सुधींद्र म्हणाले. "पण एक अडचण आहे अम्मा. पोलिसांच्या कागदात तुम्ही स्वतः सांगितलंय, स्वल्प मार. फोटो तिसऱ्या दिवशीचा. कंपनी म्हणते, मधल्या दोन दिवसांत हिनं घरात कुठे हात आपटून घेतला असेल. तुमचाच शब्द आहे, आपण तो खोडणार कसा?"

तानूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्या दिवशी रिक्षातून घरी येताना त्यांनी दांडा धरला नाही. आपल्या चांगुलपणानं आपला गळा धरला, हा विचार त्यांच्या डोक्यातून जाईना. हवालदार भिजले होते म्हणून आपण स्वल्प म्हणालो. आता ते हवालदार कुठेतरी कोरडे बसले असतील.

घरी शिवाप्पा म्हणाले, "घिऊन टाक तानू. येवडं देत्यात ते काय कमी हाय? मोठ्या कंपनीशी आपलं काय चालतंय? स्वल्प अडजस्ट..."

"त्यो शब्द या घरात काडायचा न्हाई!" तानूबाई कडाडल्या. "तुमी गाड्यांना सलाम करा. मी करनार न्हाई. माजा तर हातच उचलत न्हाई."

आपण जरा जास्तच लागट बोललो हे तानूबाईंना कळलं, पण त्यांनी शब्द मागे घेतला नाही. दुसऱ्या दिवशी शिवाप्पा कामावर गेले तेव्हा डबा विसरून गेले. तीस वर्षांत पहिल्यांदा.

दुपारी रंजिता आली. तिला कन्नड लिपी चांगली वाचता यायची, म्हणून तानूबाईंनी पोलिसांच्या कागदाची नक्कल तिच्यापुढे टाकली. "वाच. एकेक अक्षर वाच. कुटं काय सुटलंय का बग."

रंजितानं वाचलं. गाडीचा नंबर, रस्त्याचं नाव, वेळ, स्वल्प मार. आणि खाली तिनं बोट ठेवलं. "हितं तुमचा अंगठा हाय, अक्का."

"हाय की."

"पन तुमी तर सही करताय. दुकानातल्या पावतीवर दर टायमाला मराटीत सही करताय. मालकीनबाई चेष्टा पन करत्यात, केवडी लांब सही म्हनून."

तानूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्या कागदाकडे. मग आपल्या अंगठ्याकडे. आणि त्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या, आणि हसता हसता शिवी दिली. कुणाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्या सुधींद्रांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. "सार, हा अंगठा तुमी वरीसभर बगताय. तुमाला काय वाटलं?"

सुधींद्रांनी चष्मा लावला, काढला. "मला वाटलं अम्मा, तुम्हाला लिहिता..." आणि ते थांबले. सज्जन माणूस होता, कानापर्यंत लाल झाला. कुच्चू बांधणारी बाई, रेल्वेलाइनीमागची खोली, लुगड्याचा पदर खोचलेला. अंगठा दिसला, तो या चित्रात बरोबर बसला. इतका बरोबर बसला, की वकिलालाही त्याच्याकडे दुसऱ्यांदा बघावंसं वाटलं नाही.

लोकअदालतीची तारीख पडली. लोकअदालत म्हणजे खटला ओढत बसण्याऐवजी दोन्ही पक्षांना एका टेबलाशी बसवून तडजोड करायची. शनिवार होता. कोर्टाच्या मोठ्या दालनात टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलाशी गर्दी. तानूबाई ठेवणीतली साडी नेसून, पिशवी काखेत मारून सकाळी दहाच्या आत हजर झाल्या. सोबत शिवाप्पा. त्यांनी रजा टाकली होती. भांडणाबद्दल दोघंही बोलले नव्हते, पण निघताना शिवाप्पांनी त्यांच्या चपलेचा पट्टा लावून दिला होता, कारण तो त्यांना एका हातानं लागत नसे.

विमा कंपनीतर्फे दयानंद नावाचे साहेब आले होते. गोल चेहरा, खिशाला दोन पेनं, काखेत फायलींची चवड. तानूबाई समोर गेल्या तेव्हा ते त्यांच्याकडे न बघताच म्हणाले, "अम्मा, स्वल्प कूत्कोळ्ळी." म्हणजे, जरा बसा.

तानूबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. दहा वाजून पाच मिनिटं. त्या बसल्या.

अकरा वाजले. साहेब दुसऱ्या टेबलाशी होते. समोर एक म्हातारा मान डोलवत होता आणि साहेब त्याला 'स्वल्प अडजस्ट माडकोळ्ळी' म्हणत होते. त्यानं केलं. एक बाई आली, तिनंही केलं. साडेअकराला साहेब चहाला गेले. बाराला परत आले. साडेबाराला शिवाप्पा विचारायला उठले, तर साहेब हसून म्हणाले, "आलोच. स्वल्प." शिवाप्पांचा हात कपाळाकडे निघाला. अर्ध्या वाटेवर त्यांनी तो खाली घेतला.

दीड वाजता नाव पुकारलं. टेबलामागे निवृत्त न्यायाधीश मॅडम बसल्या होत्या. पांढरे केस, नाकावर घसरलेला चष्मा, आणि सकाळपासून माणसांचं ऐकून थकलेला चेहरा. सगळं बोलणं कन्नडमध्ये चाललं होतं, आणि तानूबाईंचं कन्नड त्यांच्या मराठीइतकंच ठसठशीत.

दयानंदांनी फाइल उघडली. "मॅडम, सरळ केस आहे. दहापैकी दोन बोटं, तीही जागेवर आहेत. बाई घरी बसून साडीचे गोंडे बांधतात. नोकरी अशी नाही. आणि मुख्य म्हणजे पहिल्या दिवशी त्यांनी स्वतः पोलिसांना सांगितलंय, स्वल्प लागलंय. तरीही कंपनी माणुसकी म्हणून एक लाख दहा हजार द्यायला तयार आहे."

सुधींद्र बोलायला लागणार, तेवढ्यात तानूबाईंनी हात वर केला. उजवा. अंगठा आपला वेगळाच, बाजूला लोंबत.

"मॅडम, मी बोलू?"

"बोला अम्मा."

"हे सायेब म्हनत्यात मी घरी बसून काम करतो. खरं हाय. सायेब सकाळपासनं हितं बसूनच काम करत्यात. त्यांचं काम, आनि माजं काम न्हाई, ते कसं?"

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. शेजारच्या टेबलाशी कुणीतरी हसलं.

तानूबाईंनी पिशवीतून एक साडी काढून टेबलावर पसरली. मोरपंखी रंगाची, स्वतःसाठी घेतलेली. पदराच्या एका बाजूला चाळीस कुच्चू, शिस्तीत उभे. "हे अपघाताच्या आदीचे." दुसऱ्या बाजूला तीन. वाकडे, सैल, एकाचा मणी निसटलेला. "हे नंतरचे. तीन बांदायला चार दिस लागले. दोन बोटं म्हनत्यात. माज्या कामाला दोनच बोटं लागत हुती मॅडम. बाकीची आठ त्यांना सोबत म्हनून हुती."

मॅडमनी ते तीन कुच्चू बोटांत धरून बघितले. त्यांच्या स्वतःच्या पदरालाही कुच्चू होते.

"ते ठीक आहे," दयानंद म्हणाले, "पण स्वल्प हा शब्द तुमचाच ना?"

"माजाच."

सुधींद्रांनी डोळे मिटून घेतले.

"आता मला येक सांगा सार," तानूबाई वळून त्यांच्याकडे बघत म्हणाल्या. "धा वाजून पाच मिनटांनी तुमी मला काय म्हनलाय? स्वल्प कूत्कोळ्ळी म्हनलाय. आता वाजल्यात दीड. साडेबाराला माज्या मालकांना परत स्वल्प म्हनलाय. म्हंजे तुमचं स्वल्प साडेतीन तासांचं. मग माजं स्वल्प तेवडंच का न्हाई? तुमी खोटं बोललाय असं मी म्हनत न्हाई. तुमी मर्यादा म्हनून बोललाय. मीबी मर्यादा म्हनूनच बोललो. हवालदार भिजून आलते, त्यांना काय सांगायचं, मरायला लागलोय म्हनून? ह्या गावात स्वल्प हे काय माप हाय व्हय?"

आता मात्र आजूबाजूची तीन टेबलं मोकळेपणी हसली. मॅडमनी चष्मा काढून पुसला, पण ओठ दाबले होते ते दिसलं. दयानंद घड्याळाकडे बघत म्हणाले, "हा विनोद झाला मॅडम. कागदावर जे आहे ते आहे."

"कागदावर काय हाय ते बगूया की," तानूबाई म्हणाल्या. "खाली माजी सही हाय का बगा."

"अंगठा आहे."

"मी सातवी शिकलोय, सार." त्यांनी पिशवीतून दुकानाच्या तीन पावत्या काढून ओळीनं मांडल्या. शेवटची अपघाताच्या आदल्या दिवशीची. तिन्हींवर ठसठशीत मराठीत, तानूबाई शिवाप्पा खोत. "आदल्या दिवशी सही केली. दुसऱ्या दिवशी गाडी लागल्यावर दोन तासांत अंगठा का उटवला? लिवायला विसरलो? हातच चालत नव्हता. तुमच्या कागदावर वर लिवलंय स्वल्प, आनि त्येच्याच खाली माजा अंगठा सांगतोय किती ते. वरीसभर कुनी वाचला न्हाई. कारन बाई असली की अंगठा असनारच, असं समद्यांनी धरून ठेवलं."

हे शेवटचं बोलताना त्यांचा आवाज फुटला. राग होता, आणि त्या रागाच्या तळाशी वर्षभराचा अपमान होता, तो सगळा वर आला. शिवाप्पा खुर्चीवरून उठून त्यांच्या मागे येऊन उभे राहिले. नुसते ताठ उभे राहिले, फाटकावर कधी राहिले नव्हते तसे.

मॅडमनी पावत्या आणि कागद शेजारी शेजारी ठेवले. बराच वेळ बघितले. मग म्हणाल्या, "दयानंद, हे जर कोर्टात पुढे गेलं, तर तुमच्या कंपनीला मी जे टेबलावर सुचवणार आहे त्याहून जास्त द्यावं लागेल. फोन करा."

दयानंद फोन घेऊन खिडकीशी गेले. परत येऊन म्हणाले, "चार लाख. अम्मा, आता तुम्हीही स्वल्प..."

"सार!" तानूबाई म्हणाल्या.

साहेबांनी जीभ चावली. ते पुन्हा खिडकीशी गेले. या वेळी आले ते पाच लाख चाळीस हजारांवर. सुधींद्रांनी मान डोलावली, पण तानूबाई हलल्या नाहीत. "आनि मॅडम, ह्या तडजोडीच्या कागदात त्यो शब्द नको. उजवा हात कामाचा राहिला न्हाई, असं लिवा. जे हाय ते."

तसं लिहिलं गेलं. कारकुनानं कागद छापून आणला, टेबलावर ठेवला, तानूबाईंच्या हाताकडे एक नजर टाकली आणि सवयीनं शाईची डबी उघडून पुढे सरकवली.

तानूबाईंनी ती बंद केली. "अंगठ्यासाटीच भांडायला आलतो, आनि तुमी परत अंगठाच मागताय?"

त्यांनी पेन डाव्या हातात घेतलं. दोन वाजायला आले होते. दालनातली माणसं जेवायला उठत होती. दयानंद फायली आवरून एका पायावर उभे, त्यांनी पुन्हा घड्याळ बघितलं.

"स्वल्प थांबा, सार," तानूबाई म्हणाल्या आणि कागदावर वाकल्या.

'ता'चा काना जरा तिरका आला. 'नू'चा ऊकार त्यांनी पुठ्ठ्यावर शंभरदा गिरवला होता, तो बरोबर वळला. 'बाई'नंतर त्यांनी श्वास घेतला. शिवाप्पांच्या नावातलं जोडाक्षर अवघड होतं, तिथे जीभ दातांत धरली. कारकून थांबला, वकील थांबले, मॅडम चष्मा डोळ्यांवर ठेवून थांबल्या. 'खोत'ची मात्रा दिली. अक्षरं तर सगळी झाली होती, पण शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं, वर रेघ ओढल्याशिवाय नाव पुरं होत नाही. तानूबाईंनी पेन परत सुरुवातीला नेलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुणासाठीही घाई न करता, ती रेघ ओढली.